कानवाल्या काकांनी पास केलेली गाडी

जुना ट्रक विकत घेणं म्हणजे आंधळी कोशिंबीर. बाहेरून रंग नवा, टायर काळेकुळकुळीत, सीटवर प्लॅस्टिकसुद्धा तसंच. आत काय दडलंय ते विकणाऱ्याला माहीत नाहीतर देवाला, आणि दोघेही तोंड उघडत नाहीत. म्हणून घेणारा शहाणा असेल तर बरोबर एखादा जाणकार नेतो. त्या भागात असा जाणकार म्हटला की एकच नाव निघायचं, कानवाले काका.

काकांनी उभी हयात दुसऱ्यांचे ट्रक चालवले. स्वतःचा कधी झाला नाही, पण इंजिनाची नाडी त्यांना कळायची. लाकडी मुठीचा एक लांब स्क्रू ड्रायव्हर त्यांच्याकडे होता. गाडी गार असतानाच चालू करायला लावायची, त्याचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. तेवढा वेळ आवारातली सगळी माणसं गप्प. चहावालासुद्धा ग्लास वाजवायचा नाही. मग काका डोळे उघडायचे आणि म्हणायचे, "घ्या." किंवा म्हणायचे, "शेठना नमस्कार करा आणि निघा." त्यापुढे एक शब्द नाही. त्यांचं 'घ्या' म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं लोक मानायचे.

आणि असे हे कान गेले. एकदम गेले असते तर गाजावाजा तरी झाला असता. आधी बारीक आवाज गेले, घड्याळाची टिकटिक, नळाचं ठिबकणं. इंजिनाची घरघर यायची, पण आत टिचकी मारल्यासारखं काही वाजत असेल तर ते येईना. एकदा मागून हॉर्न देत आलेली बस त्यांना थेट आरशातच दिसली, तीही ट्रकला घासून जाताना. त्याच आठवड्यात त्यांनी गाडी सोडली. गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. गुडघे चांगले ठणठणीत होते. पण ज्याची सगळी पत कानांवर, त्यानं कान गेल्याचं कोणत्या तोंडानं सांगायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची!

गाड्या पारखायला मात्र ते जात राहिले. स्क्रू ड्रायव्हर लावायचे, डोळे मिटल्यासारखे करायचे आणि पापण्यांच्या फटीतून विकणाऱ्याचा चेहरा बघायचे. धूर बघायचे, ऑइल बोटावर घेऊन चोळायचे. बहुतेक वेळा निभावून गेलं. माणूस खोटं बोलताना कुठे बघतो, हे काकांना इंजिनाइतकंच पाठ होतं.

बायको गेल्यापासून ते लेकीकडे राहत होते. लेक त्यांच्याशी बोलायची ती समोर येऊन, दंडाला हात लावून. आईविना पोरगी मायाळू झाली, असं काकांना वाटायचं. पूर्वी ती आतून ओरडायची, "बाबा, तीन शिट्ट्या झाल्या की कुकर बंद करा हं!" तेही तिनं बंद केलं होतं. आता ती स्वतःच ओट्याशी उभी राहून शिट्ट्या मोजायची. म्हाताऱ्याला काम सांगू नये म्हणत असेल, असं समजून काका मनातून सुखावायचे.

जावईही ड्रायव्हरच. त्यानं स्वतःचा ट्रक घ्यायचं ठरवलं. साठवलेलं सगळं त्यात घातलं आणि वर कर्ज काढलं. लेकच म्हणाली, "बाबांनाच घेऊन जा."

जुन्या गाड्या विकणाऱ्या एका शेठच्या आवारात गाडी उभी होती. निळी, देखणी. काकांनी स्क्रू ड्रायव्हर लावला. हाताला इंजिनाची थरथर जाणवली, कानाला नुसती घरघर. धूर नव्हता, ऑइल ताजं होतं. त्यांनी पापण्यांच्या फटीतून शेठकडे पाहिलं. शेठ फोनवर कुणाशी तरी हसत होता, त्या चेहऱ्यावरून काही कळेना. मग जावयाकडे पाहिलं. तो निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखा उभा होता. 'जावईबापू, मला नीट कळेना, आणखी कुणाला दाखवू या.' एवढंच वाक्य होतं. ते ओठांपर्यंत आलंही.

"घ्या," काका म्हणाले.

शेठनं छातीवर हात ठेवून सांगितलं, "महिनाभर इंजिनाची जबाबदारी माझी. आधीपासूनचा दोष निघाला तर मी करून देणार."

पहिल्याच मोठ्या खेपेला, भरल्या गाडीनिशी चढावर इंजिन जाम झालं. गॅरेजवाल्यानं खोललं तर आतलं बेअरिंग झिजून पत्र्यासारखं झालेलं. "हे आजचं नाही," तो म्हणाला. "विकली तेव्हाही टकटक वाजत असणार. तुमच्याबरोबर तर काका होते ना?"

जावयानं घरी येऊन हात धुतले, जेवला नाही.

शेठ शब्द फिरवू लागला, तेव्हा प्रकरण ट्रकमालकांच्या संघटनेकडे गेलं. एक लांबट खोली, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, डगडगणारा पंखा. अध्यक्ष टेबलापाशी, समोर दोन्ही बाजू, मागे तमाशा बघायला आलेले दहापंधरा जण. लेकही आली होती. काका मुद्दाम पुढे बसले, बोलणाऱ्यांचे ओठ दिसतील असे.

शेठनं काकांबद्दल एक वाकडा शब्द काढला नाही. उलट तोंड भरून स्तुती केली. "अहो, काकांच्या कानातून मुंगीचं चालणं सुटायचं नाही. त्यांनी पास केलेली गाडी ही. दोष आधीचा असता तर काकांना ऐकू आला असता. नाही आला, म्हणजे नव्हताच. नंतर यांनी कशीही हाणली असेल, त्याला मी काय करू? गॅरेजवाला तर यांचा दोस्तच आहे."

अध्यक्ष काकांकडे वळले. "काका, तुमच्या शब्दावर आहे सगळं. आवाज होता का?"

इकडे आड, तिकडे विहीर. नव्हता म्हणावं तर जावई बुडाला. होता म्हणावं, तर ऐकूनही घ्या म्हणणारा सासरा लबाड ठरला. काकांनी पंख्याकडे पाहिलं. तो करकरत असणार, त्यांच्यापुरता मुकाट फिरत होता.

"मला ऐकू येत नाही," ते म्हणाले.

अध्यक्षांनी आवाज चढवला. "मी म्हटलं, इंजिनात आवाज होता का?"

"तसं नाही साहेब. तुम्ही विचारलंत ते कळलं मला. पण मला ऐकूच येत नाही. दोनतीन वर्षं झाली. गाडीत आवाज असणारच, मला आला नाही."

मागे एकाचे खांदे हसून हलताना काकांना दिसले. दुसरा, ज्याला त्यांनी गेल्याच वर्षी 'घ्या' म्हटलं होतं, तो उठून उभा राहिला. "म्हणजे माझी गाडी?" एवढं त्याच्या ओठांवरून समजलं. काकांनी मान खाली घातली. लाज वाटली, अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण निदान जावयाचं काम झालं, अशी त्यांची समजूत होती.

शेठ मात्र शेठच. त्यानं क्षणभर डोळे मोठे केले आणि हात पसरले. "मग बहिऱ्या माणसाला आणलंत पारखायला, त्यात माझी काय चूक? मी कुणाला अडवलं होतं?"

अध्यक्षांनी दोघा सदस्यांशी कुजबूज केली, चष्मा पुसला. आवाज होता की नव्हता हे सांगणारं आता कुणीच उरलं नाही, म्हणाले. घेणाऱ्यानंच नीट तपासून घ्यायला हवी होती. संघटना यात काही करू शकत नाही.

तिघं घरी आले. काका पलंगाच्या कडेला बसले. लेक समोर आली, जमिनीवर बसली, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"पोरी, मी तुमचं वाटोळं केलं," काका म्हणाले. "आधीच सांगायला हवं होतं गं."

तिनं मान हलवली. तिचे ओठ थरथरत होते, वाचायला वेळ लागला.

"मला माहीत होतं, बाबा. केव्हापासून. कुकर करपला होता ना, तुम्ही शेजारीच बसला होतात, तेव्हापासून."

"मग मला नेऊ कसं दिलंस?"

"तुम्हाला सोडून दुसऱ्या कुणाला नेलं असतं, तर तुम्हाला कळलं असतं की मला कळलंय. मला ते बघवलं नसतं. म्हणून यांनाही काही न सांगता मीच म्हटलं, बाबांनाच न्या. वाटलं, गाडी चांगलीच असेल."

काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. समोर येऊन बोलणं, दंडाला लागणारा तो हात, ओट्याशी उभं राहून मोजलेल्या शिट्ट्या, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. रडू आलं, ते त्यांनी आवरलं नाही.

तेवढ्यात लेकीची नजर त्यांच्या खांद्यावरून मागे दाराकडे गेली आणि तिथेच थिजली. काकांनी वळून पाहिलं. दारात जावई उभा होता, कधीपासून कोण जाणे. त्याचं काहीतरी बोलून झालं होतं, ओठ मिटले होते. पुन्हा लेकीकडे पाहिलं तर तिचा चेहरा पांढराफटक.

तो काय म्हणाला, ते काकांनी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.