दसऱ्याच्या पाटावरचा कम्प्युटर

दसऱ्याला आमच्या अवसरीच्या घरी विळा, कोयता, फवारणीचा पंप आणि आईची कात्री पाटावर मांडून पूजा होते. त्यांच्या शेजारी मी दरवर्षी माझा शाळकरी वयातला कम्प्युटर ठेवतो. दिसायला नुसता जाड कीबोर्ड. पडदा म्हणून घरचाच टीव्ही जोडायचा. यंदा आईने तो उचलून बाजूला ठेवला.

"बंद पडलेल्या वस्तूची पूजा न्हाई करायची. चालत असंल तर दाव."

माझं डोकंच सणकलं. जुना डबा-टीव्ही भंगारात घातला कोणी? तिनेच! नव्या चपट्या टीव्हीला ह्याची पिवळी पिन बसेल असं भोकच नाही. तसाच मंचरला गेलो. दुकानदार म्हणाला, "राव, ह्याच्यापरीस लॅपटॉप घ्या की." त्याला चार शब्द सुनावले आणि जुनी पिन नव्या टीव्हीला जोडणारी डबी घेऊन आलो.

टीव्ही आधी 'सिग्नल नाही' एवढंच म्हणत राहिला. त्याच्यामागे डोकं घालून, वायरी उलटसुलट करत मी त्याचा उद्धार केला, तेव्हा कुठे पडदा निळा झाला आणि कोपऱ्यात एक चौकोनी ठिपका लुकलुकू लागला.

"बघ!" मी छाती फुगवून म्हणालो.

"आता ह्ये काय करतंय?"

"आपण काय सांगतो त्याची वाट बघतंय."

"मग सांग की."

मी कीबोर्डवर बोटं ठेवली. एकही कमांड आठवेना. ठिपका लुकलुकत राहिला, आई माझ्याकडे बघत राहिली.

मग तिने कम्प्युटर वायरींसकट पाटावर ठेवला आणि त्याला हळदीकुंकू वाहिलं.

"ह्यो चालू हाय," ती म्हणाली. "बंद तू पडलायस. सरक बाजूला."