व्हॉल्व्हखालचं कडं

मिस्त्रींचा उजवा हात थरथरतो, ही गोष्ट त्यांच्या बायकोखेरीज कुणाला माहीत नाही, अशी त्यांची समजूत होती. चहा ते अर्धाच कप घेत. गिऱ्हाइकासमोर बारीक स्क्रू काढायची वेळ आली की, "राहू दे इथेच, उद्या बघतो," म्हणून इंजिन ठेवून घेत. लेथवर मात्र हा माणूस अजून राजा होता, कारण तिथे हत्यार यंत्र धरतं, आपण नुसतं चाक फिरवायचं. कामात चोख आणि तोंडानं फटकळ. पण हाताचा विषय काढायची सोय नव्हती. बायकोनं एकदा काढला, तर त्या दिवशी ते जेवायलाच घरात आले नाहीत.

अशात त्यांच्या थोरल्या बहिणीचा ट्रॅक्टर आजारी पडला.

ताईंची रोपवाटिका उतारावर होती. खुबा मोडल्यापासून काठी घेऊनही चार पावलांच्या वर त्यांना चालवत नसे. पण बागकामाच्या त्या जुन्या, बुटक्या ट्रॅक्टरवर बसल्या की थेट खालच्या कुंपणापर्यंत जात. मागे ट्रॉलीत पाण्याची टाकी आणि कुंड्या. त्याचा क्लच हातानं ओढायचा होता. नव्या ट्रॅक्टरचा पायानं दाबायचा, आणि तेवढं बळ ताईंच्या पायात उरलं नव्हतं. आता हा ट्रॅक्टर खालच्या ओळींत पोचला की तापून बंद पडे आणि गार झाल्याशिवाय काही केल्या उठत नसे. दोनदा शेजाऱ्यांनी ताईंना धरून घरी आणलं. मुलाच्या कानावर ते गेलं आणि त्यानं फोनवरच निकाल लावला. रविवारी येतो, आईला घेऊन जातो, चौथ्या मजल्यावर खोली तयार आहे.

"चौथ्या मजल्यावर मी काय करू, बाळ्या?" ताईंनी विचारलं. सत्तरीच्या माणसाला बाळ्या म्हणणारं जगात हे एकच माणूस उरलं होतं.

मिस्त्रींनी इंजिन उघडलं. व्हॉल्व्ह मिटताना ज्या लोखंडी कड्यावर टेकतो, ते कडं ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये घट्ट बसलेलं असायला हवं. इथे ते नखानं ढकललं तरी हलत होतं. इंजिन तापलं की भोक पसरे, कडं सुटे आणि व्हॉल्व्ह नीट मिटेना.

"कडेनं पंचचे चार ठोके मारा, बसेल," शेजारचा गॅरेजवाला म्हणाला.

"बसेल, आणि आठवड्यात पुन्हा उठेल," मिस्त्री म्हणाले. त्यांनी लांबट झालेलं भोक लेथवर गोल करून घेतलं आणि त्याहून केसभर मोठं नवं कडं कातलं.

मोठं कडं लहान भोकात घालायचं, तर ब्लॉक तापवून भोक पसरवायचं आणि कडं गोठवून आक्रसवायचं. मग ते सरळ, एका दमात आत सोडायचं. तिरकं गेलं तर अडकतं, ठोकायला जावं तर भोक फाटतं. आणि असा ब्लॉक आता शोधूनही मिळत नव्हता.

शनिवारी कडं फ्रीजरमध्ये वाटाण्यांच्या पिशवीशेजारी होतं. मिस्त्रींनी ब्लॉक उचलून स्वयंपाकघरात आणला. "तीनदा साबणानं धुतलाय," त्यांनी आधीच सांगून टाकलं.

"आणि नंतर माझा ओव्हन कोण धुणार आहे?" बायको म्हणाली, पण ओव्हनचं दार तिनंच उघडून धरलं.

ब्लॉक आत जाण्याआधी जुनं कडं चिमट्यात धरून रंगीत तालीम करायची, ही मिस्त्रींची पद्धत. काम बघायला रिक्षानं येऊन खुर्चीत बसलेल्या ताईंकडे पाठ करून त्यांनी ती केली. मग खरी वेळ आली. तापलेला ब्लॉक टेबलावर आला, गोठलेलं कडं चिमट्यात आलं, आणि हात नको तेव्हा हलला. कडं कडेला आपटलं, तिरकं झालं आणि अर्ध्यात अडकलं.

"अहो, हातोडी देऊ?" बायकोनं हळूच विचारलं.

"कुणी हात लावू नका."

त्यांनी कड्यासकट ब्लॉक पुन्हा ओव्हनमध्ये ठेवला. लोखंडापेक्षा ॲल्युमिनियम जास्त पसरतं. सगळं नीट तापल्यावर ब्लॉक पालथा केला, तसं कडं आपसूक कागदावर पडलं. भोक शाबूत होतं. कडं फ्रीजरमध्ये परत गेलं आणि मिस्त्री बहिणीसमोर येऊन बसले. दोष कड्यावरच्या बर्फाला देता आला असता, आणि तो सगळ्यांना पटलाही असता.

"ताई, माझा हात थरथरतो."

"दिसतं मला. अर्धा कप चहा काय तू आवडीनं पितोस होय?"

"जन्मभर कलमं बांधलीस तू. तुझा हात हलत नाही. कडं तू सोड."

"आणि बिघडलं तर?"

"तर दोघं मिळून चौथ्या मजल्यावर राहू."

आपल्या कसबाचा इतका अभिमान असलेल्या माणसानं असा चिमटा दुसऱ्याच्या हाती द्यावा, याला मोठं काळीज लागतं. दिल्यावर मात्र त्यांनी ताईंचा जीव नकोसा केला. कोपर टेबलाला टेकव. खाली वाकून बघ. कडं ठेवायचं नाही, सोडायचं. ताई वैतागल्या तरी तालमी चालूच राहिल्या. मग ब्लॉक पुन्हा बाहेर आला, ताईंनी कडं भोकावर आणलं आणि सोडलं. ते सरळ तळाशी जाऊन बसलं. मिस्त्रींनी ओव्हन बंद करायच्या निमित्तानं तोंड फिरवलं.

रविवारी मुलगा आला तेव्हा मिस्त्री ताईंच्या दारात पायरीवर बसले होते.

"मामा, आई कुठंय?"

"खालच्या ओळींत."

"पुन्हा? अहो, तुम्ही तिला जाऊ कसं दिलंत?" म्हणत तो उतारावरून धावत सुटला.

बऱ्याच वेळानं ट्रॅक्टर चढ चढून वर आला. पुढे ताई, मागे ट्रॉलीत कुंड्यांच्या गर्दीत गुडघे पोटाशी घेऊन मुलगा. ताईंनी इंजिन बंद केलं आणि मिस्त्री पायरीवरून उठले, कारण तापलेल्या इंजिनाची खरी परीक्षा आता होती. ताईंनी किल्ली फिरवली. इंजिन लगेच सुरू झालं.

"कमाल आहे, मामा," मुलगा ट्रॉलीतून उतरत म्हणाला. "इतकं बारीक काम तुमच्याच हातून व्हावं."

मिस्त्रींनी उजवा हात त्याच्यासमोर धरला आणि थरथरू दिला.

"या हातून? कडं तुझ्या आईनं बसवलंय."

मुलानं त्या हाताकडे बघितलं, मग ट्रॅक्टरवरच्या आईकडे. जे बोलायचं ठरवून आला होता ते बाजूला ठेवून त्यानं नळाला पाइप लावला आणि ट्रॉलीतली टाकी भरायला घेतली.