जिभेवाले डॉक्टर

माझ्या गळ्यातली गाठ न काढणारे डॉक्टर आज गेले.

तिसरीत होते मी. गळ्यात अगदी मधोमध लिंबाएवढी गाठ. मोठ्या गावातल्या सर्जननी छोटंसं ऑपरेशन सांगितलं, तारीखही ठरली. आईने बॅग भरली.

आदल्या दिवशी मला ताप भरला. म्हणून कामरगावहून जीपने कारंज्याला, या लहान मुलांच्या डॉक्टरांकडे.

त्यांनी ताप पाहिलाच नाही आधी. गाठीवर बोट ठेवलं नि म्हणाले, "जीभ काढ बाहेर."

मी आईकडे पाहिलं. मोठ्या माणसाला जीभ दाखवली की आमच्याकडे फटका ठरलेला.

"काढ वं," आई म्हणाली. "डाक्टर सांगून राह्यले त!"

काढली. गाठ वर सरकली.

"गाठ जिभेसंग हालते. आपरेशन थांबवा. पहिले सोनोग्राफी करा."

सोनोग्राफीत कळलं, थायरॉइड जिथे असायला हवी तिथे काहीच नाही. ती गाठ हीच माझी थायरॉइड. एकुलती एक.

"आईच्या पोटात असताना हे ग्रंथी जिभेच्या मुळापासून खाली गळ्यात येते," डॉक्टर आईला म्हणाले. "हिची कामरगावहून कारंज्याले निंगाली अन् मधातच उतरली. न पाहता काढली असती त पोरगी सुस्त पडली असती, वाढ थांबली असती. काहून, ते कोणाले समजलं नसतं."

आईला वेगळीच काळजी. "पण डाक्टर, पोरीची जात हाय. लग्न कसं होईन?"

"गाठीसंगच होईन."

रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची एक गोळी सुरू झाली. मी वाढले. गाठ बोराएवढी झाली.

नंतर डॉक्टर बाजारात भेटोत की बस स्टँडवर, नमस्काराआधी एकच ऑर्डर. "दाव जीभ."

माझ्या लग्नात स्टेजवरही तेच. सासूबाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. मी लाजून उभी, तर आईच हसत म्हणाली, "काढ वं!"

फोटोग्राफरने नेमका तोच क्षण टिपला. अल्बममध्ये आहे.

आज अंत्यदर्शनाच्या रांगेत आई माझ्यामागेच होती. मला रडू येत नव्हतं. राग येत होता, कोणावर ते कळत नव्हतं.

हार घातला. पाया पडले. निघणार तोच मागून आईचा हळू आवाज आला.

"काढ वं."

काढली.

आजूबाजूचे सगळे माझ्या जिभेकडे पाहत राहिले. गाठीकडे पाहणारा एकच माणूस होता, तो डोळे मिटून पडला होता.

डॉक्टर, गोळी चालू आहे.
या आता.