न दुखलेली बांगडी

दिग्रसच्या बाजारातली आमची बांगड्यावाली मावशी माणसाच्या तोंडाकडे बघायचीच नाही. आधी हात ओढून घ्यायची, अंगठ्याखालचं हाड दाबून पाहायची आणि मग म्हणायची, "हाव, तू मास्तरांची पोरगी. घट्ट हाताची." वीस वर्षं तिच्याकडे बांगड्या भरल्या, पण रस्त्यात भेटली तर मी हात पुढे केल्याशिवाय तिला ओळख पटायची नाही.

हात हातात आला की तिला सगळं कळायचं. कुणाला कणकण आहे, कोण घरून भांडून आलंय. "तोंड काईबी सांगते वं, हाताचं तसं नाई," असं म्हणत ती भर दुकानात गुपितं फोडायची आणि आम्ही हसून बेजार व्हायचो.

नखांवरचे पांढरे ठिपके म्हणजे तिच्या मते बगळ्याने दिलेली फुलं. लहानपणी आम्हीही उडत्या बगळ्यांना नखं दाखवून फुलं मागितलेली. पण मी दूध-दही-तूप सोडून वीगन झाले आणि त्याच फुलांवरून घरात महाभारत सुरू झालं. गोठ्यात वासराला आईपासून ओढताना पाहिलं आणि मला दूध जाईना, कारण एवढंच. आत्या रोज माझी बोटं धरायची, "पाह्य, कॅल्शियम गेलं!" मी इरेला पेटले. वाचून काढलं, डॉक्टरांना विचारलं. हे ठिपके बहुतेक वेळा नखाला बसलेल्या बारीकसारीक माराचे असतात, नखाबरोबर वाढून निघून जातात. माझं बरोबर होतं, आणि तिथंच माझं डोकं फिरलं. ठिपक्यांचं बरोबर म्हणजे आपलं सगळंच बरोबर! ज्वारी, तूर, तीळ, जवस खाते, आणखी काय हवं? पायाला मुंग्या यायच्या, चप्पल निसटलेली कळायची नाही. मी म्हणायचे, शाळेत शिकवते, वर्गात दिवसभर उभं राहून होतं.

चुलतबहिणीच्या लग्नाआधी मावशीकडे बसले होते. गर्दी ही एवढी. तिने नखं पाहून फुलांचा विषय काढला आणि मी लागले भाषण द्यायला. बांगडी हाडावर अडली, वाढली, आणि काच अंगठ्याखाली शिरली. माझं भाषण चालूच. रक्त तिच्या लुगड्यावर ठिबकलं.

"माय वं! तुले दुखलं नाई?"

"काय दुखलं?"

तिने काच काढली, फडकं बांधलं. मग दुसऱ्या हाताची बोटं एकेक करून चिमटत गेली. "आता? आता वं?" तिचा चेहरा उतरत गेला. ऐन लग्नसराईत गिऱ्हाइकांना "उद्या या" म्हणून तिने शटर ओढलं आणि दवाखान्यात न्यायला मला ऑटोत कोंबलं. मी वाटभर कुरकुरत होते, "मावशी, कायले एवढं?"

रक्त तपासलं. बी-बारा पार तळाला गेलेलं. डॉक्टर म्हणाले, ते डाळी-भाज्यांतून मिळत नाही, दूध सोडलं तर गोळी घ्यावीच लागते. आणखी उशीर केला असता तर नसांचं नुकसान कदाचित भरून आलं नसतं. मला तिथेच रडू फुटलं.

घरी आत्या दुधाचा गिलास घेऊनच उभी. मावशी आडवी आली. "तिले नाई प्यायचं तं नको पाजू. गोळी काई गाईची नाई नं? पण रोज घेजो वं पोरी." इतकी साधी तोड आमच्या शिकल्यासवरल्या घरात कुणालाच सुचली नव्हती.

इंजेक्शनं झाली, गोळ्या सुरू झाल्या. मुंग्या हळूहळू गेल्या. दूध मी अजूनही घेत नाही. नंतर प्रत्येक खेपेला मावशी विचारायची, "घेतली?" आणि उत्तराची वाट न बघता करंगळीला करकचून चिमटा काढायची. मी ओरडले की स्वारी खूश. मी मात्र तिला एकदाही धडपणे सांगितलं नाही की बाई, तू मला वाचवलंस.

यंदा ती गेली. सकाळी तिच्या सुनेचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात अनवाणी उभी होते. पायाखालची फरशी गार होती. ती गार आहे हे मला कळत होतं, मावशीमुळे.