गनरनं पाहिलं

रेजिमेंट फायरिंगसाठी नगरला आली तेव्हा माझी चौदा वर्षं नोकरी झाली होती. मी दफेदार, रणगाड्यावर गनर. पायदळात ज्याला हवालदार म्हणतात तो आमच्याकडे दफेदार, आणि सुभेदार म्हणजे रिसालदार. माझं गाव काष्टीजवळ. रेंजपासून घर अडीच तासांवर, पण महिनाभरात एकदाही जाता आलं नव्हतं. मुलीचं जावळ ठरलं होतं. फायरिंग वेळेत संपलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी सहापासून मला सुट्टी होती.

आमच्या रणगाड्यात तिघं. ड्रायव्हर धरमवीर हरियाणाचा. गनर मी. कमांडर रिसालदार याकोब साळवे, राहुरी तालुक्यातले. नोकरी सव्वीस वर्षं. ते फार बोलत नसत. प्रश्न विचारला की उत्तर येईपर्यंत गप्प बसायचे. दुसरे साहेब प्रश्न विचारून उत्तरही स्वतःच देतात. साळवेसाहेब थांबायचे. त्या थांबण्याचा मला कधीकधी त्रास व्हायचा.

फायरिंगचा तिसरा दिवस. पहाटे साडेपाचला सुरुवात. दुपारपर्यंत रणगाड्याच्या पत्र्याला हात लावता येईना. आत घामानं हेडसेट घसरत होता. दोन वाजून वीस मिनिटांनी साळवेसाहेबांनी रेडिओवर सीझ फायर दिलं. त्यांना टार्गेटमागं हालचाल दिसली होती. सगळी फायरिंग लाइन थांबली. जीप गेली, चाळीस मिनिटांनी परत आली. माणूस नव्हता, टार्गेटचं फाटलेलं कापड वाऱ्यानं उडत होतं.

कंट्रोलवरच्या कॅप्टनचा आवाज चढला होता. त्या दिवशी वरचे अधिकारीही बघायला आले होते. साळवेसाहेब म्हणाले, "मेरी गलती, सर. ओव्हर." दुसरं काही बोलले नाहीत. बाजूच्या रणगाड्यांवरची पोरं हसली, ते आम्हाला ऐकू आलं.

चार पस्तीसला आमचा शेवटचा सिरियल, म्हणजे फायरिंगची शेवटची पाळी. पाचला रेंज बंद. राहिलं तर उद्या सकाळी पुन्हा, म्हणजे सुट्टी गेली. मी साईटच्या दुर्बिणीला डोळा लावला. टार्गेट सोळाशे मीटरवर. त्याच्या डावीकडं, बाभळींच्या पलीकडं, हिरवं काहीतरी हललं. बाभळीचा रंग तसा नसतो. लुगड्याचा पदर असावा असं वाटलं. मी साईट टार्गेटवर परत आणली. साईटबरोबर तोफही वळते, ते साहेबांना जाणवलं असणार.

इंटरकॉमवर साळवेसाहेब म्हणाले, "दरेकर, टार्गेटच्या डावीकडं काय हाय?"

"काही न्हाई, साहेब."

माझ्या कानात त्यांचा श्वास येत होता. मी फायरच्या ऑर्डरची वाट बघत होतो. ऑर्डर आली नाही. रेडिओवर त्यांचा आवाज आला, "ऑल स्टेशन्स, वन अल्फा. सीझ फायर. मैदान में आदमी. ओव्हर."

"वन अल्फा, फिर से? किसने देखा? ओव्हर." वन अल्फा म्हणजे आमचा रणगाडा.

"गनर ने. साईट से. ओव्हर."

बराच वेळ नुसती खरखर. मग कॅप्टनचा आवाज, "ऑल स्टेशन्स, सीझ फायर. गन सेफ."

मी मान वळवली. तोफेच्या पलीकडं ते बसले होते, माझ्याकडं बघत नव्हते.

"तुला दिसलं हुतं," ते म्हणाले.

"व्हय, साहेब."

"मग?"

"लई दमलो, साहेब. उद्या घरी जायचं हुतं."

"मी बी दमलोय," ते म्हणाले.

आवाजात राग नव्हता. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

आता नीट दिसत होतं. साठीची एक बाई, तिच्यापुढं सुटलेली म्हैस. दोघी उताराकडं चालल्या होत्या. त्या उतारावर न फुटलेले गोळे पडलेले असतात, त्यांना आम्ही ब्लाइंड म्हणतो. ते निकामी करणारी क्लिअरन्स पार्टी दुसऱ्या टोकाला होती, यायला अर्धा तास तरी लागणार. तोवर बाई उतारात पोचली असती. साळवेसाहेबांनी कंट्रोलकडून परवानगी घेतली, छोटा रेडिओ सेट खिशात घातला आणि वरचं हॅच उघडलं.

मी हेडसेट काढला. "साहेब, मी जातो."

"तू साईटवर ऱ्हा. मला तुजे डोळे पायजेत."

हेडसेट पुन्हा चढवून मी बघत राहिलो आणि सांगत राहिलो. साहेब, उजवीकडं. साहेब, बाई थांबली. साहेब, पुढं माती उकरलेली दिसते, वळसा घ्या. ते सांगेन तसे वळत होते. चार पंचावन्नला ते तिच्यापाशी पोचले. सेटचं बटण त्यांनी दाबून धरलं असावं, कारण दोघांचं बोलणं मला ऐकू आलं.

"मावशी, हितंच थांबा. पुढं जाऊ नका."

"म्हस हाय माजी. गाभन हाय."

"गोळं पडल्यात तिथं. मागं फिरा."

"म्हस घेतल्याबिगर मी न्हाई जायची."

साईटमध्ये साहेब म्हशीकडं बघताना दिसले.

"बरं, मी आनतो. मी आलो त्याच पावलावर पाऊल ठिवून तुमी जावा. मागं बघू नका."

बाई निघाली. शंभरेक पावलं आली. साळवेसाहेबांनी म्हशीचं दावं धरलं, तिला वळवलं. मी म्हणालो, "साहेब, सरळ या. आलात तसेच." ते म्हणाले, "व्हय." म्हैस एकदम बाजूला उधळली, दाव्याबरोबर साहेबही ओढले गेले.

पाच वाजून आठ मिनिटांनी स्फोट झाला. साईटमधून आठपट मोठं दिसतं. मी डोळा काढला नाही. धूळ बसेपर्यंत त्यांना हाक मारत राहिलो. धरमवीरनं शेवटी माझ्या डोक्यावरून हेडसेट काढून घेतला.

बाई वाचली. एका कानानं तिला नंतर ऐकू येईना.

चौकशीत कर्नलसाहेब म्हणाले, "गनर, तुम्हारी नजर से एक जान बची." मी म्हणालो, नाही सर, मला दिसलं होतं आणि मी नाही म्हणालो होतो. त्यांनी पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं आणि लिहून घेतलं. माझ्या रेकॉर्डवर ताशेरा आला. तो यायलाच हवा होता.

एका म्हशीपायी रिसालदार गेला, असं रेजिमेंटमध्ये काही जण म्हणाले. पार्टी येईपर्यंत थांबायला हवं होतं, असंही म्हणाले. असेल. यावर वाद घालायची ताकद माझ्यात तेव्हा नव्हती, आताही नाही.

आता रिटायर होऊन पाच वर्षं झाली. शाळा-कॉलेजवाले बोलावतात. चांगल्या नेत्याचे गुण सांगा म्हणतात. त्यांना फळ्यावर लिहायला मुद्दे हवे असतात. मला एवढंच सांगता येतं, की दोन वाजता सगळ्यांसमोर चुकलेला माणूस साडेचारला पुन्हा चुकायला तयार होता. पोरं वहीत काहीच लिहीत नाहीत. मग मी पाणी पितो आणि खाली बसतो.

साळवेसाहेबांच्या घरी जायला मला दोन वर्षं लागली. त्यांच्या पत्नी प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या, गावात सगळे त्यांना बाई म्हणतात. मी ओसरीवर बसून सगळं सांगितलं. साहेब रेडिओवर माझ्यासाठी खोटं बोलले, हेही सांगितलं.

बाईंनी चहाचा कप माझ्यापुढं सरकवला.

"तुम्हाला दिसलं होतं ना?"

"व्हय, बाई."

"मग ते खोटं कुठं बोलले?"

चहा तसाच राहिला.

गावाबाहेर चर्चची दफनभूमी आहे. कबरीवर साधा दगड आहे, त्यावर नाव, रेजिमेंट आणि बायबलमधली एक ओळ. बाईंचे गुडघे आता चालत नाहीत, म्हणून वर्षातून एकदा मी जातो. गवत काढतो, दगड धुतो. मग सावधानमध्ये उभा राहतो आणि म्हणतो, "दफेदार दरेकर हजर, साहेब." राहुरीची शेवटची एसटी पाच वाजता असते. ती बहुतेक वेळा चुकते.