चव्वेचाळीसचा विमा

कोह तेक हिनने चौतीस वर्षं सिंगापूरच्या तोआ पायोह वस्तीतल्या इमारतींमधल्या लिफ्ट तपासल्या. त्यामुळे कुठलीही वस्तू समोर आली, की ती कुठे मोडेल हेच त्याला आधी दिसायचं. त्याच्या बायकोचं, लाय चूचं, नेमकं उलट. घरात आजारपणाचं किंवा मरणाचं नाव काढायचं नाही, हा तिचा कायदा. बोललं की येतं, असं तिचं ठाम मत. आणि चिनीत 'चार' आणि 'मरण' यांचा उच्चार जवळपास सारखा, म्हणजे चार हा तर मरणाचाच आकडा, म्हणून चौथ्या मजल्यावरचं चांगलं हवेशीर घर सोडून तिने अकरावा मजला धरला होता.

अशा बाईबरोबर क्रूझवर जायचं, म्हणजे आधी वैद्यकीय विमा निवडायचा. पेनांग, फुकेत आणि परत सिंगापूर. लाय चूच्या नाचाच्या गटातल्या सगळ्याजणी नवऱ्यांसकट निघाल्या होत्या. तिने तर तीन नवे ब्लाउज शिवून घेतले होते.

मुलीने विम्यांची माहितीपत्रकं पाठवली. तेक हिन नाश्त्याला ती मोठ्याने वाचायला बसला. जहाजावरचा डॉक्टर, हेलिकॉप्टरने किनाऱ्यावर नेणं, इथवर ठीक चाललं होतं. मृतदेह मायदेशी आणण्याचा खर्च आला आणि लाय चूने "चोय, चोय" म्हणत अपशकुन टळावा म्हणून लाकडी टेबलावर तीनदा बोटं वाजवली. पुढचं मनातल्या मनात वाचायची त्याला तंबी मिळाली.

ते त्याच्या पथ्यावरच पडलं. आठ महिन्यांपूर्वी बाजाराचा जिना चढताना त्याची छाती आवळली होती. दवाखान्यात हृदयाची एक रक्तवाहिनी अरुंद झालेली निघाली. गोळ्या त्याने स्क्रू आणि फ्यूजच्या डब्यात दडवल्या आणि घरी अवाक्षर काढलं नाही. आता स्वस्त विमा होता एकशे चव्वेचाळीस डॉलरचा, पण त्यात जुना आजार चालत नव्हता. चालत होता तो एकशे अडुसष्टवाल्यात. स्वस्त घेतला आणि समुद्रात काही झालं, तर मुलीची सगळी बचत जाणार. खरं सांगितलं, तर लाय चू प्रवासच रद्द करणार आणि ब्लाउज कपाटात पडून राहणार. काळजीने त्याला जेवण जाईना. तसंही हल्ली बायकोच्या हाताची चव गेली होती. सूप नुसतं पाणी.

शेवटी त्याला युक्ती सुचली. विमा कंपनीच्या काउंटरवर तो बायकोला गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "आ-मा, एकशे चव्वेचाळीसवाला नको. एक सोडून दोन चार आहेत त्यात."

लाय चू लगेच हो म्हणाली. आपण भलतेच हुशार आहोत, असं त्याला वाटलं. आता आजाराच्या रकान्यापुरती ती बाजूला गेली की झालं.

"तू कॉफी पिऊन ये. फॉर्म मी भरतो."

"कालच भरलाय मी," ती म्हणाली आणि पिशवीतून फॉर्म काढून तिने पुढे ठेवला.

लाय चू शाळेत कारकून होती, अक्षर मोत्यासारखं. तेक हिनने पान उलटलं. त्याच्या नावापुढे दवाखान्याची तारीख होती, रक्तवाहिनी होती आणि तिन्ही गोळ्यांची नावं होती, एकही चूक न करता.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"सूप अळणी झालं तेव्हापासून." ती काउंटरकडेच बघत होती. "बोलायचं नसतं, आ-पा. लिहायला काय जातं?"

आठ महिने त्याने प्रत्येक वाडग्याला नाक मुरडलं होतं. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

काउंटरवरच्या मुलीने सगळं संगणकात भरलं. "अंकल, हृदयामुळे हप्ता वाढतोय," ती म्हणाली आणि पुढचं हळूच बोलली. "दोनशे चव्वेचाळीस."

तेक हिनने घाईघाईने विचारलं, दोनशे अठ्ठेचाळीस घेता येतील का, वरचे चार मी खुशीने देतो. संगणक तसं घेत नाही म्हणे. आता ती नाहीच म्हणणार, असं धरून तो कागद गोळा करू लागला.

लाय चूने त्याचा हात दाबून धरला. "चव्वेचाळीस तर चव्वेचाळीस. भर पैसे."

मग ती लाकूड शोधू लागली. काउंटर काचेचा, खुर्च्या प्लास्टिकच्या. इकडेतिकडे पाहून तिने शेवटी तेक हिनच्या टकलावर तीनदा बोटं वाजवली आणि सही करायला पेन मागितलं.