पुढच्या रांगेतला भाडेकरू

फेटा माझ्या टकलावर टिकत नव्हता. मामाचा मान म्हणून बांधलेला, पण दर दोन मिनिटांनी डोळ्यांवर यायचा. भाचीच्या लग्नात, मेहकरच्या मंगल कार्यालयात, पहिल्या रांगेत सुधाकर माझ्या शेजारी बसला होता. त्यानं उठून दोन्ही हातांनी फेटा नीट केला, स्वतःच्या रुमालानं माझ्या कपाळावरचा घाम टिपला. एवढंच. तेवढ्यात भाऊजी आले. म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान, नवरीचे वडील. वाकून, हसतच बोलले. समोर कॅमेरा होता.

"तुमच्या भाडेकरूले मांगं बसवा. पुढं घरचे लोकं हायेत. चारचौघांत हे असं बरं नाही दिसत."

हे असं म्हणजे रुमाल.

त्याच वेळी स्टेजवरच्या मोठ्या पडद्यावर माझी भाची आणि तिचा होणारा नवरा गुडघाभर पाण्यात एकमेकांना बिलगले होते. लग्नाआधीचं शूटिंग. त्यानं तिला उचललं. नाकाला नाक. मग लाल-पिवळा धूर. म्हाताऱ्या तोंडाला पदर लावून बघत होत्या, पण बघत होत्या. भाऊजींनी तो भाग परत लावायला सांगितला. मला त्याचा राग नाही, जोडी गोडच दिसत होती. पण त्याचं कौतुक आणि घाम पुसला तर लाज?

आता खरं सांगतो. भाडेकरू हा शब्द भाऊजींचा नाही. माझा. अठरा वर्षांपूर्वी सुधाकर जळगाव जामोदला माझ्या घरी राहायला आला, तेव्हा आईनं विचारलं, हा कोण? मी पालीला भिणारा माणूस. पटकन म्हणालो, भाडेकरू. मग तो शब्द निभावत बसलो. पाहुणे आले की सुधाकरचं अंथरूण बाहेरच्या खोलीत. आईच्या शेवटच्या आजारपणात तिची वेणीफणी, आंघोळ, सगळं त्यानं केलं. शेजारचे काका म्हणाले, असा भाडेकरू मले बी पाहून दे. मी हसलो. सुधाकर हसला नाही.

घरच्यांना माहीत नव्हतं असं नाही. सगळ्यांना माहीत होतं. म्हणून तर त्यांच्या गोड बोलण्याचा मला संशय येतो. ताई म्हणायची, आमचं काही म्हणणं नाही, घरात काय करायचं ते करा. भाची शिकलेली. तिच्या स्टेटसला इंद्रधनुष्य असतं, प्रेम ते प्रेमच असं काहीतरी इंग्रजीत लिहिते. मी ते वाचून भाळलो होतो. या वयातही माणूस भाळतो.

सुधाकर उठला होता. निमूट, सवयीनं. ती सवय मी लावलेली. मी त्याचा हात धरला. सगळ्यांदेखत, पहिल्यांदा. माझा हात इतका ओला, की निसटता निसटता राहिला.

"भाऊजी, हा भाडेकरू नाही. अठरा वर्सं झाली, आमचा दोघाइचा संसार हाये."

भाऊजींचं हसू तसंच राहिलं. म्हणाले, "मंग मामा मी दुसरा उभा करतो."

केला. आमचा एक चुलतभाऊ आला, माझ्यापुढं हात पसरला. फेटा हवा होता. मी दिला. त्याच्या डोक्यावर झकास बसला.

भटजींनी मामांना पुकारलं. भाची त्याच्यासोबत आली. तिनं माझ्याकडं पाहिलं, माझं उघडं डोकं पाहिलं, शेजारी सुधाकर पाहिला, आणि अंतरपाटाकडं वळली. आम्ही जागचे हललो नाही. मंगलाष्टकं संपेपर्यंत पुढंच बसलो, अक्षता टाकल्या, न जेवता निघालो.

त्या लग्नाला वर्ष उलटून गेलं. परवा ताईचा फोन आला. भाचीला मुलगी झाली. बारसं आहे.

"काऊन एवढा ताणून राह्यला? झालं गेलं इसर. तू एकटा ये नं."

ती रडत होती. मला त्या रडण्याचाही संशय आला. बहिणीच्या रडण्यावर संशय घेणारा माणूस चांगला नसतो, हे मला कळतं. तरी म्हणालो, दोघांना बोलाव, दोघांच्या नावानं. मग फोन ठेवला. तिनं.

पोरगी कोणावर गेली, मला माहीत नाही. कदाचित कधीच कळणार नाही. चालेल. सुधाकरला ज्या घरात बसायला जागा नाही, त्या घरात मी आता पाऊल ठेवणार नाही.